ओल्मेक मस्तकांच्या छायाचित्राखाली क्रमांक छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेक्सिकोवरचे प्रवासलेख हल्ली मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत वरचेवर येतात. चिचेन इत्साच्या पिरॅमिडानंतर त्यांत हमखास दिसणारे छायाचित्र ओल्मेकांच्या, म्हणजे मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरच्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृतीच्या, प्रचंड दगडी मस्तकाचे असते: डोक्याला घट्ट बसणारे शिरस्त्राण, जाड ओठ, रुंद नाक, किंचित आठी घातलेले कपाळ. त्याखाली फोटोओळ असते, ‘मेक्सिकोतील प्राचीन ओल्मेक शिल्प’. मस्तक कोणते, कुठे सापडले, आता कुठे आहे, यातले काहीच त्यात नसते. या फोटोओळीत मस्तकाचा क्रमांक आणि ठिकाण छापावे, एवढी एकच मागणी या पत्रात आहे. मागणी किरकोळ वाटेल, म्हणून तिची कारणे सविस्तर मांडतो.

अशी मस्तके आजवर १७ सापडली आहेत. त्यांतली १० वेराक्रूझ राज्यातल्या सान लोरेन्झोची, ४ ताबास्को राज्यातल्या ला व्हेंटाची, आणि वेराक्रूझमधल्याच त्रेस सापोतेसची २ व ला कोबाताची १. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, शिरस्त्राणावरची खूण वेगळी, दगडाला झालेली इजाही वेगळी. ही बहुधा एकेका राज्यकर्त्याची व्यक्तिचित्रे असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ‘एक ओल्मेक मस्तक’ एवढेच लिहिणे हे ‘एक मराठा राजा’ एवढेच लिहिण्यासारखे झाले. त्याने वाचकाच्या हाती काही लागत नाही.

ही १७ मस्तके आज एका जागी नाहीत. सान लोरेन्झोच्या दहांपैकी सात (१, ३, ४, ५, ७, ८ आणि ९) हलापा शहरातल्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहेत. २ आणि ६ क्रमांकाची मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत आणि १९९४ साली सापडलेले दहावे सान लोरेन्झोजवळच्या गावातल्या छोट्या संग्रहालयातच ठेवले आहे. ला व्हेंटाची चारही व्हियाएर्मोसा शहरात आहेत. त्रेस सापोतेसचे एक त्या गावच्या संग्रहालयात, दुसरे सांतियागो तुस्त्लाच्या संग्रहालयात आहे, आणि ला कोबाताचे त्याच सांतियागो तुस्त्लाच्या चौकात उभे आहे. ते सर्वांत मोठे, सुमारे ३.४ मीटर उंच. मेक्सिको सिटीत दोन मस्तके पाहून परतणाऱ्याला आपण सगळे पाहिले असे वाटू नये, म्हणून फोटोओळीत ठिकाण हवे.

क्रमांकातही एक खोच आहे आणि ती माहीत नसली की जाणकार लेखकही फसतो. सान लोरेन्झोच्या शिल्पांना दोन क्रममाला आहेत. एक फक्त मस्तकांची, दुसरी तिथे सापडलेल्या सर्व शिल्पांची, जिला ‘मॉन्युमेंट’ क्रमांक म्हणतात. पहिल्या पाच मस्तकांचे दोन्ही क्रमांक सारखेच आहेत. पुढे ते फुटतात. मस्तक ६ म्हणजे मॉन्युमेंट १७, मस्तक ७ म्हणजे ५३, मस्तक ८ म्हणजे ६१, मस्तक ९ म्हणजे ६६ आणि मस्तक १० म्हणजे ८९. कुणी ‘सान लोरेन्झो मॉन्युमेंट ८’ असे लिहून आठव्या मस्तकाचे छायाचित्र लावले, तर ते वेगळ्याच दगडाचे नाव ठरते. त्रेस सापोतेसला आकड्यांऐवजी अक्षरे आहेत: ए आणि क्यू. त्यांतले ‘ए’ सर्वांत आधी उजेडात आले. होसे मारिया मेलगार यांनी १८६९ साली त्याबद्दल लिहिले आणि चेहरा ‘इथिओपियन’ वाटतो असे नोंदवले. आजही समाजमाध्यमांवर फिरणारा ‘आफ्रिकेतून आलेले ओल्मेक’ हा दावा त्याच एका नोंदीपासून वाढत आला आहे. १७ चेहरे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर तो टिकत नाही. रुंद नाक आणि जाड ओठ त्या किनारपट्टीवरच्या आजच्या रहिवाशांतही दिसतात. शिवाय गोलसर शिळेतून चेहरा काढताना नाक फार पुढे काढायचे तर बाकी सगळा दगड तेवढाच खोल उतरवावा लागतो, म्हणून चेहरा सपाट ठेवण्याकडे कल राहतो. सान लोरेन्झो परिसरातल्या मानवी अवशेषांच्या मातृवंशीय डीएनएची तपासणीही झाली आहे आणि त्यात अमेरिकेतल्या मूलनिवासींचाच गट सापडला.

आता हलापाच्या संग्रहालयाविषयी, कारण क्रमांकाची किंमत तिथे कळते. हे संग्रहालय वेराक्रूझ विद्यापीठाचे आहे. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ अल्फोन्सो मेदेयिन सेनिल यांच्या पुढाकाराने ते सुरू झाले आणि आजची इमारत १९८६ ची. टेकडीच्या उतारावर दालने पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जातात, मधे मधे उघडे चौक आहेत आणि बाजूला बाग. प्रवेश केल्यावर आधी ओल्मेक येतात, मग मध्य वेराक्रूझ, शेवटी उत्तरेकडचे हुआस्तेक. सगळा संग्रह एकाच राज्याच्या किनारपट्टीचा, त्यामुळे दगड जिथून आला, मूर्ती जिथे सापडली आणि जिथे ठेवली, ती तिन्ही ठिकाणे एका नकाशात मावतात. राजधानीच्या संग्रहालयाला हे जमत नाही. तिथे प्रत्येक संस्कृतीचे निवडक नमुने असतात. इथे एकाच ठिकाणची सात मस्तके, सिंहासने आणि लहान मूर्ती जवळजवळ दिसतात. तुलना करायला एवढी सोय दुसरीकडे नाही.

तुलना कशाची करायची, तर आधी दगडाची. सान लोरेन्झोच्या पठाराभोवती मोठ्या शिळा नाहीत. दगड आला तो तुस्त्ला पर्वतरांगेतल्या सिंतेपेक डोंगराच्या बाजूने, सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटरवरून. तो बेसाल्ट आहे, म्हणजे सह्याद्रीत आणि आपल्या वीरगळांत दिसणाऱ्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा ज्वालामुखीजन्य खडक. मस्तक १ सुमारे २.८४ मीटर उंच आहे आणि त्याचे वजन सुमारे २५ टन धरले जाते. बेसाल्टचा एक घनमीटर पावणेतीन ते तीन टन भरतो. तेव्हा २५ टन म्हणजे साधारण साडेआठ-नऊ घनमीटर दगड झाला. चाकाची गाडी नाही, ओढायला बैल-घोडे नाहीत. माणसे, दोर, ओंडके आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या नद्या एवढ्यावरच तो आणला गेला. नेमका कोणत्या मार्गाने, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण शिळा दुर्मीळ आणि आणायला महाग होती, ही गोष्ट पुढच्या सगळ्याला कारण आहे.

दगड महाग म्हणून तो पुन्हा वापरला जाई. ओल्मेकांची मोठी चौकोनी शिल्पे, ज्यांना जुन्या पुस्तकांत वेदी म्हटले आहे, ती खरे तर राज्यकर्त्याची सिंहासने होती. ग्वेरेरो राज्यातल्या ओश्तोतितलान गुहेच्या चित्रात एक माणूस अशाच आसनावर बसलेला दिसतो आणि त्यावरूनच पुरातत्त्वज्ञ डेव्हिड ग्रोव्ह यांनी १९७३ साली हे मांडले. हलापातले सान लोरेन्झोचे मॉन्युमेंट १४ असेच सिंहासन आहे. समोर कोनाडा, त्यात बसलेला माणूस, त्याच्या हातात दोर आणि बाजूच्या अंगाला बंदिवान. पुढे अभ्यासक जेम्स पोर्टर यांनी दाखवले की मस्तक २ आणि मस्तक ७ आधीच्या सिंहासनांना उभे करून, पुन्हा कोरून घडवली आहेत. मस्तक ७ च्या बाजूला जुन्या कोनाड्याचा खोलगट वळसा उरला आहे. समोरून काढलेल्या छायाचित्रात तो कधीच येत नाही. हलापात गेल्यावर आधी मॉन्युमेंट १४ चा कोनाडा नीट पाहावा, मग मस्तक ७ भोवती फिरावे. एका राजाचे आसन त्याच्याच चेहऱ्यात कसे उतरवले, हे डोळ्यांसमोर येते. फोटोओळीत नुसते ‘ओल्मेक मस्तक’ असेल, तर ही बाजू पाहायला वाचक जाणार तरी कसा?

हत्यारांच्या खुणाही अशाच बघाव्यात. आपला पाथरवट लोखंडी छिन्नीने काम करतो आणि तिच्या समांतर रेषा दगडावर उरतात. ओल्मेकांकडे धातू नव्हता. कठीण दगडाने ठोकत ठोकत पृष्ठभाग दळायचा, मग वाळू-पाण्याने घासायचा. म्हणून जिथे घासणी अर्धी राहिली तिथे बारीक खळगे दिसतात, सरळ रेषा दिसत नाहीत. नाकपुड्या, बुबुळ आणि ओठांच्या कोपऱ्यांत भोक पाडल्याच्या गोल कडा दिसतात. याहून मोठे, वाटीसारखे खड्डे काही मस्तकांवर आहेत. ते घडणीचे नाहीत, नंतर कुणीतरी मुद्दाम केलेले आहेत. सान लोरेन्झोत उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ मायकल को यांना त्यात बंडखोरांनी केलेली मोडतोड दिसली. तिथेच पुरातत्त्वज्ञ अ‍ॅन सायफर्स यांनी १९९० पासून केलेल्या कामानंतर पुनर्वापराच्या बाजूने अधिक पुरावा जमा झाला. मस्तकांची पाठ बहुधा सपाट आणि अकोरीव असते. अपवाद त्रेस सापोतेसच्या ‘क्यू’चा, त्याच्या पाठीमागे गोंडे लावलेल्या वेण्या कोरल्या आहेत.

काळाविषयी फोटोओळीत सर्वाधिक गोंधळ होतो. बेसाल्टच्या शिल्पाला कार्बन पद्धत लावता येत नाही, कारण ती सेंद्रिय पदार्थालाच लागते. तारीख मिळते ती शिल्प ज्या थरात पुरले होते त्या थरातल्या कोळशावरून आणि मातीच्या भांड्यांवरून. सान लोरेन्झोची बरीच मस्तके पठाराच्या कडेच्या घळीत, माती धुपून उघडी पडलेली सापडली, त्यांचा थर तिथे उरलेला नव्हता. म्हणून ‘इ. स. पू. १२०० मधील’ असा एकच आकडा न देता सान लोरेन्झोचा बहराचा काळ, इ. स. पू. सुमारे १४०० ते १०००, असा द्यावा. ला व्हेंटा त्यानंतरचे, इ. स. पू. सुमारे ९०० ते ४००. दोन्ही ‘ओल्मेक’ असली तरी त्यांचे बहराचे काळ वेगळे आहेत. शोधाची साले मात्र पक्की आहेत. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ मॅथ्यू स्टर्लिंग यांनी सान लोरेन्झोची पहिली पाच मस्तके १९४६ मध्ये उघडी केली. मस्तक ८ सापडले १९६८ मध्ये, चुंबकमापीने. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, भोवतीच्या चिकणमातीत ते फारसे नसते, त्यामुळे जमिनीवरून यंत्र फिरवले की आत पुरलेला मोठा बेसाल्ट उठून दिसतो.

हलापात मस्तकांइतकाच वेळ लहान शिल्पांना द्यावा. लास लिमासची मूर्ती १९६५ साली दोन गावकरी मुलांना सापडली. हिरवा दगड, उंची ५५ सेंटिमीटर, वजन सुमारे ६० किलो. मांडी घालून बसलेला माणूस आणि त्याच्या हातांवर निपचित पडलेले, मार्जारमुखी बालक. खरी गोष्ट त्याच्या दोन्ही खांद्यांवर आणि दोन्ही गुडघ्यांवर आहे: चार वेगवेगळ्या देवतांचे चेहरे इतक्या बारीक रेषांनी कोरले आहेत की समोरून दिवा असेल तर ते दिसतच नाहीत. एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात, जरा खाली वाकून पाहिले की उमटतात. ओल्मेक देवता ओळखण्याच्या पुढच्या सगळ्या अभ्यासाला या चार चेहऱ्यांनी चालना दिली. ही मूर्ती १९७० मध्ये संग्रहालयातून चोरीला गेली आणि अमेरिकेत टेक्सासमध्ये सापडून परत आली. सान लोरेन्झोजवळच्या एल असुसुलची शिल्पे १९८७ मध्ये मिळाली. दोन जुळ्यासारखे तरुण एकामागे एक गुडघे टेकून बसलेले आणि त्यांच्यासमोर एक मार्जारवर्गीय प्राणी, जवळच तसाच दुसरा, अशी मांडणी जागेवरच सापडली. यातल्या एकाच तरुणाचे छायाचित्र कापून छापले तर तो नुसता ‘बसलेला मनुष्य’ उरतो. अशा वेळी फोटोओळीत ‘चार शिल्पांच्या गटातील एक’ एवढे तरी लिहावे.

व्हियाएर्मोसाचे उदाहरण वेगळ्या कारणाने सांगायला हवे. ला व्हेंटा परिसरात तेल निघाले आणि शिल्पांना धोका उभा राहिला. तेव्हा कवी कार्लोस पेयिसेर यांनी ती उचलून व्हियाएर्मोसाच्या सरोवराकाठी, झाडीत मांडली. ला व्हेंटा उद्यान-संग्रहालय ४ मार्च १९५८ ला उघडले. दाट झाडीतून अचानक समोर येणारे मस्तक पाहणे हा मोठा अनुभव आहे, हे मान्यच. पण उष्ण, दमट हवेत उघड्यावर ठेवलेल्या बेसाल्टचे काय होते, हेही तिथे दिसते. दगडाचे बूड ओल्या मातीला किंवा सिमेंटच्या ओट्याला थेट टेकले की पाणी सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. ते वाळताना क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होतात आणि पातळ पापुद्रे सुटतात. सावलीच्या बाजूला शेवाळ आणि दगडफूल धरते, त्यांचे मुळांसारखे तंतू कोरीव रेषांच्या कडा खिळखिळ्या करतात. ते ब्रशने खरवडले की शेवाळाबरोबर कोरीव कामाचा थरही निघतो. जानेवारी २००९ मध्ये काही जणांनी धार्मिक विधी म्हणून तिथल्या वीसहून अधिक शिल्पांवर मीठ, तेल आणि द्राक्षाचा रस ओतला. अशा वेळी पाण्याचा पाइप लावून धुणे ही सर्वांत वाईट गोष्ट, कारण मीठ विरघळून आणखी आत जाते. कागदाच्या ओल्या लगद्याचा लेप देऊन, तो वाळताना क्षार बाहेर ओढून घेत, पुन्हा पुन्हा लेप बदलत काम करावे लागते. शेंदूर आणि तेलाची पुटे चढलेल्या आपल्या वीरगळांसाठी झटणाऱ्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल. तेव्हा व्हियाएर्मोसाच्या उद्यानातले छायाचित्र छापताना समोर दिसते ते मूळ शिल्प की प्रतिकृती, हे तिथल्या फलकावरून पाहून लिहावे.

प्रतिकृतींचा घोळ अमेरिकेतल्या मराठी वाचकांना अधिक जाणवेल. वेराक्रूझ राज्याने शिल्पकार इग्नासिओ पेरेस सोलानो यांच्याकडून मस्तकांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती घडवून परदेशी भेट दिल्या. शिकागोच्या फील्ड म्युझियमबाहेर मस्तक ८ ची प्रतिकृती आहे, वॉशिंग्टनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयापाशी मस्तक ४ ची. त्या उत्तम आहेत, पण तिथे काढलेले छायाचित्र ‘तीन हजार वर्षांपूर्वीचे शिल्प’ म्हणून छापले जाऊ नये.

छायाचित्र काढणाऱ्यांसाठी थोडे. मोबाइलच्या रुंद भिंगाने अगदी जवळून काढले की नाक फुगते आणि कान आत जातात. चेहऱ्याच्या ठेवणीवरून वंशाचे निष्कर्ष काढणारे बरेचसे वाद अशा छायाचित्रांवरच पोसले जातात. चार-पाच मीटर मागे जाऊन दुप्पट झूमने काढावे. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक आणि पाठीमागून एक, आणि लगेच पुढचे छायाचित्र फलकाचे. घरी आल्यावर सात मस्तकांत कोणते कोणते हे आठवत नाही आणि फोटोओळीच्या चुका इथेच सुरू होतात. फलकांवरचा मजकूर बहुतांश स्पॅनिशमध्ये असतो, पण क्रमांक आणि गावाचे नाव कुणालाही वाचता येते. फ्लॅश वापरू नये. काचेमागच्या मूर्तींसाठी भिंग काचेला जवळजवळ टेकवले की प्रतिबिंब येत नाही. हलापा मेक्सिको सिटीच्या पूर्वेकडच्या तापो बसस्थानकातून सुमारे पाच तासांवर आहे, वेराक्रूझ बंदरातून सुमारे दोन तासांवर. संग्रहालय सोमवारी बंद असते. शहर डोंगरात, ढग-धुक्याचे, म्हणून चौकांतून फिरायला छत्री जवळ ठेवावी. ओल्मेक दालनालाच निदान दोन तास द्यावेत.

रस्त्यावर कुणी ‘खरी’ जुनी मूर्ती विकायला आणली तर घेऊ नये. मेक्सिकोच्या १९७२ च्या कायद्याने स्पॅनिश आगमनापूर्वीची प्रत्येक वस्तू राष्ट्राची मालमत्ता आहे आणि ती देशाबाहेर नेणे हा गुन्हा आहे. आपला पुरावशेषांचा कायदाही त्याच सालचा.

फोटोओळ कशी असावी याचा नमुना देतो: ‘मस्तक ८ (मॉन्युमेंट ६१), सान लोरेन्झो, वेराक्रूझ राज्य. बेसाल्ट, उंची सुमारे २.२ मीटर. इ. स. पू. सुमारे १४०० ते १०००. शोध १९६८. सध्या हलापा मानववंशशास्त्र संग्रहालयात.’ दोन ओळींची जागा लागते. मेक्सिकोवरचा पुढचा लेख छापताना लेखकाकडून एवढा तपशील मागून घ्यावा. मूळ छायाचित्र आणि फलकाचे छायाचित्र एकत्र पाठवायला सांगितले, तर उपसंपादकाला तो तिथल्या तिथे पडताळताही येईल.

कळावे,
आपले,
पुरातत्त्व व संग्रहालयशास्त्राचे काही अभ्यासक, पुणे